सुताच्या कोनांची भिंत

माझ्या थोरल्या लेकीचं, पद्माचं, लग्न ज्या माघात झालं, त्या वर्षीची ही गोष्ट. पद्माला सासरी पोचवून आम्ही घरी आलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या अंगणात ठोकाठोक ऐकू आली. बाहेर जाऊन बघते, तर मामय्या एकटेच जुन्या मागाचं लाकूड उभं करत होते.

मामय्या म्हणजे माझे सासरे. आम्ही सोलापूरचे पद्मशाली, विणकर. घरात तेलुगू बोलतो, पण मला अक्षरं आली ती मराठी, म्हणून मराठीतच लिहिते.

"आई, तातय्या काय करायलेत बघ," अंबादास माझ्या मागून म्हणाला. अंबादास माझा मुलगा, आजोबांना तातय्या म्हणतो. गिरणीत जायला निघाला होता, हातात डबा होता. "त्या लाकडाला मी गिऱ्हाईक बघून ठेवलंय."

"मामय्या, कशाला त्रास घेताय?" मी विचारलं.

मामय्यांनी उत्तर दिलं नाही. देऊ शकत नव्हते. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. कान मात्र तल्लख. त्यांनी एका हातानं लाकूड धरून ठेवलं आणि दुसऱ्या हातानं अंबादासला खूण केली, तो दोर इकडं टाक.

"तातय्या, ऐका. इथं भिंत येणार आहे," अंबादास म्हणाला. "बोळाच्या बाजूनं विटांची भिंत, वर पत्रे. दोन शिलाई मशिनी बसतील. शाळेच्या गणवेशाचं काम मिळतंय मला. गिरणीच्या खडखडाटात किती वर्षं काढू?"

मामय्यांनी लाकूड सोडलं नाही.

"आईनं हो म्हटलंय," अंबादास म्हणाला.

मी हो म्हटलं होतं, हे खरं. माझे मालक जाऊन आठ वर्षं झाली होती. पोरगा पंधराव्या वर्षापासून गिरणीत उभा होता. त्याला बसून करायचं काम मिळावं, असं मला फार वाटायचं. आणि आमचं अंगण ते केवढं? बारा फूट लांब, पाच फूट रुंद. पलीकडं बोळ. मधे कुंपण म्हणून चार काटक्या.

मामय्यांनी माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली.

"दसऱ्याला काम सुरू करू," अंबादास जरा मऊ आवाजात म्हणाला. "तोवर काय करायचं ते करा."

मामय्यांनी दोन्ही हात वर करून दहा बोटं दाखवली. दसऱ्याचा दहावा दिवस. मग मान डोलावली. कबूल.

"आता लाकूड द्या की माझ्याकडं," असं म्हणून अंबादासनं डबा खाली ठेवला आणि लाकूड धरू लागला. त्या दिवशी त्याला गिरणीत उशीर झाला.

मामय्या जन्मभर नक्षीचे पत्ते पाडत होते. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. कापडावर मोर, कमळ, नाव असलं काही विणायचं, तर आधी ते चौकटीच्या कागदावर काढतात. त्या चौकटी बघून जाड पुठ्ठ्याच्या पत्त्यांना भोकं पाडतात. रंगाची चौकट असली की भोक, कोरी असली की कोरं. ते पत्ते मागावर चढवले की माग आपोआप नक्षी विणतो. मामय्यांनी लग्नातल्या टॉवेलांवर किती जणांची नावं पाडली असतील, त्याला गणती नाही. पण त्यांना स्वतःला एक अक्षर वाचता येत नव्हतं. अक्षर त्यांच्यासाठी मोरासारखंच. आकार.

आवाज होता तेव्हा ते एकदा म्हणाले होते, "नक्षीचं कापड मागावर पालथं विणतात. विणणाऱ्याला पाठ दिसते. तोंड बघणारा दुसराच असतो."

मी तेव्हा विड्या वळत होते. माझं लक्षही नव्हतं.

चैत्र-वैशाखात मामय्या रोज पिशवी घेऊन बाहेर पडायचे आणि यंत्रमागाच्या कारखान्यांमागे टाकलेले सुताचे कोन गोळा करून आणायचे. ज्यांच्यावर सूत गुंडाळलेलं येतं ते प्लॅस्टिकचे, वरून रुंद, खाली निमुळते, दोन्हीकडून उघडे. त्यांनी ते धुतले, प्रत्येकाच्या खालच्या तोंडात सुताचा बोळा कोंबला, आणि मागाच्या उभ्या सांगाड्यावर तारांनी बांधत गेले. एका ओळीत चोवीस. एकाखाली एक अकरा ओळी. दोनशे चौसष्ट कोन.

"मामय्या, यात काय लावणार?" मी विचारलं. "मूठभर माती मावत नाही."

त्यांनी मला बोट लावून दाखवलं. वरच्या कोनात वाटीभर पाणी ओतलं. पाणी बोळ्यातून झिरपलं, थेंब खालच्या कोनात पडला. त्यातून त्याच्या खालच्या. मी तिथंच उकिडवी बसले आणि बघत राहिले. वरच्या ओळीला घातलेलं पाणी अर्ध्या तासानं अकराव्या ओळीत पोचलं. आमच्याकडं नळाला चौथ्या दिवशी पाणी यायचं. एवढ्याशा पाण्यात दोनशे चौसष्ट झाडं भिजणार होती.

त्या दिवसापासून मी विडीची पानं भिजवलेलं पाणी फेकून दिलं नाही. कातरलेल्या पानांचा चुराही मातीत मिसळायला त्यांना दिला.

त्याच दिवसांत मार्कंडेयाच्या देवळात विडी वळणाऱ्या बायकांसाठी साक्षरतेचा वर्ग निघाला. दुपारी तीन ते पाच. मी बेचाळीस वर्षांची होते. तोडकरीबाई शिकवायच्या. त्यांनी पहिल्या आठवड्यात प्रत्येकीला तिचं नाव फळ्यावर लिहून दिलं आणि म्हणाल्या, "मला तीन आठवडे गावाला जायचंय. मी येईपर्यंत रोज पाटीवर आपलं नाव लिहायचं. हात बसला पाहिजे."

मी रोज लिहायची. विड्यांचं सूप मांडीवर आणि त्याच्या शेजारी पाटी.

एका दुपारी पाटी जागेवर नव्हती. शोधत अंगणात गेले तर ती मामय्यांच्या मांडीवर. त्यांनी खडूनं माझ्या अक्षरांवरून आडव्या-उभ्या रेघा मारल्या होत्या. सगळी पाटी चौकटींनी भरली होती.

"मामय्या, हे काय?" मी जरा तोडूनच बोलले. "माझा अभ्यास होता तो. लहान पोरासारखी पाटी खराब करता?"

त्यांनी पाटी माझ्या हातात दिली. मी ओल्या फडक्यानं पुसून टाकली. पुढं दिवसभर मला वाईट वाटत राहिलं, कारण ते माझ्याकडं बघून हसले होते.

ज्येष्ठात त्यांनी रोपं लावायला घेतली. बहुतेक कोनांत अंबाडी, पुदिना, चुका, मेथी. पण मधे मधे ते भलतंच काही लावत होते. जाडसर बारीक पानांची फुलझाडं. दहा वाजता उमलतात आणि दुपारी मिटतात, म्हणून आमच्याकडं त्यांना 'ऑफिस टाईम' म्हणतात. ती खातही नाहीत, देवालाही कुणी आवडीनं वाहत नाही.

लावण्याची तऱ्हाही विचित्र. मामय्या ओळीसमोर उभे राहायचे आणि उजवीकडून बोटानं कोनांवर टिचक्या मारत जायचे. टिचकी मारली की फूल. मूठ टेकवली की भाजी. मधेच थांबून पुन्हा पहिल्यापासून मोजायचे.

एकदा मी एका कोनातलं ऑफिस टाईम उपटलं आणि तिथं कोथिंबीर पेरली. कोथिंबीर महाग झाली होती, बस, एवढंच कारण. दुसऱ्या दिवशी सकाळी मामय्यांची बोटं टिचक्या मारत त्या कोनापाशी आली आणि थांबली. त्यांनी वास घेतला. मग माझं मनगट धरून मला तिथं नेलं, तो कोन दाखवला आणि मान हलवली. रागानं नाही. एखाद्यानं आपलं औषध सांडावं आणि आपण बघत राहावं, तसं ते माझ्याकडं बघत होते. त्यांनी दुसरी काडी आणून तिथं खोचली. कोथिंबिरीचं बी चिमटीनं उचलून माझ्या हातावर ठेवलं.

"तातय्यांना फुलांचं वेड लागलंय," अंबादास जेवताना म्हणाला. "एवढी जागा वाया. अंबाडी तरी लावायची."

"लावू दे रे. दसऱ्यापर्यंतच आहे," मी म्हणाले.

मामय्या खाली बघून भात कालवत राहिले.

तोडकरीबाई परत आल्या तेव्हा माझी पाटी बघून हसल्या. "सुगुणाबाई, 'सु'चं शेपूट कुठं टाकून आलात?"

"कसलं शेपूट, बाई?"

"उकार हो. तुमचं नाव सुगुणा. तुम्ही लिहिलंय सगुणा. तीन आठवडे असंच लिहिलंत?"

"रोज."

"शेपूट उंदरानं नेलं असेल," मागून कुणीतरी म्हणालं, आणि सगळ्या बायका खो खो हसल्या. मीही हसले. त्या दिवसापासून 'स'च्या पायाला शेपूट लावायला शिकले. आधी मोठं लागायचं, मग बेताचं लागू लागलं.

गणपती उठले. कोन हिरवेगार झाले होते. अंगणात उभं राहिलं की समोर पानांची भिंत दिसायची आणि पानांमधून बोळातला उजेड. आत बसलेल्या माणसाला मातीवर ठिबकणारं पाणी ऐकू यायचं. विड्या वळताना मी आता तिथंच बसायची.

बोळापलीकडं भूदेवक्का राहायची. मला वदिना, म्हणजे वहिनी, म्हणायची. एकदा ती गच्चीवरून म्हणाली, "वदिना, तुझ्या सासऱ्यानं आमच्या दारासमोर नवं लुगडं वाळत घातल्यागत केलंय. दहा वाजले की रंगतंय, दुपारी विझतंय."

"फुलं आलीत वाटतं त्या झाडांना," मी म्हणाले. आतून मला फुलं दिसत नव्हती. ती उन्हाकडं तोंड करतात आणि ऊन बोळाच्या बाजूनं यायचं. शिवाय दहाच्या सुमारास मी कारखान्यात विड्या जमा करायला गेलेली असायची. परत येईपर्यंत दोन वाजायचे. मागच्या बोळात माझं कामही नसायचं. आमचं दार पुढच्या रस्त्याला.

"एकदा येऊन तरी बघ," भूदेवक्का म्हणाली.

"येते कधीतरी," मी म्हणाले.

दसऱ्याला नऊ दिवस राहिले होते. त्या दिवशी कारखान्यात पान आलं नव्हतं, म्हणून आम्हाला लवकर सोडलं. साडेदहाला मी घरी पोचले, तर पुढच्या दारात एक गाडीवाला.

"अंबादास इथंच राहतो का? विटा आणल्यात. गाडी मागच्या बोळात उभी आहे. कुठं टाकू तेवढं दाखवा."

मी तशीच, विड्यांची रिकामी टोपली काखेत, वळसा घालून बोळात गेले. गाडीवाला पुढं, मी मागं. बैल मान हलवत उभा होता.

"या झाडांना टेकवून लावू का विटा?" तो म्हणाला. "पुन्हा उचलायला नकोत."

मी बोलायला वळले.

आधी मला नुसता रंग दिसला. गडद गुलाबी. आमच्या कोनांच्या हिरव्या अंगावर गुलाबी फुलांची एक आडवी पट्टी होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि तिला खाली काहीतरी लोंबत होतं. नक्षी आहे, असं मला वाटलं. मामय्यांनी नक्षी पाडली. मग त्या नक्षीतली एक उभी रेघ माझ्या ओळखीची वाटली. तिच्या डावीकडं एक पोट. मी ओठ हलवत वाचायची तेव्हा. अजूनही तशीच वाचते.

"स," मी म्हणाले.

"काय म्हणता?" गाडीवाला म्हणाला.

"थांबा हो."

पुढं एक आकडा आणि दांडी, दांडीच्या पायाला वळलेलं शेपूट. "गु." त्याच्या पुढं पोट, दोन दांड्या. त्याच्या पुढं आणखी एक दांडी.

"णा."

मी पुन्हा पहिल्यापासून वाचलं. माझ्या काखेतली टोपली कधी खाली पडली, मला कळलं नाही. माझ्यापेक्षा उंच होती ती अक्षरं. शंभरेक फुलं असतील. प्रत्येक फूल आपल्या चौकटीत, एकही इकडं तिकडं नाही, आणि सगळी माझ्याकडं तोंड करून. माझं नाव रेशनकार्डावर होतं, विडीच्या पुस्तकावर होतं, पण ते दुसऱ्या कुणीतरी लिहिलेलं आणि मी अंगठा उठवलेलं. पाटीबाहेर मी स्वतः वाचलेला हा जगातला पहिला शब्द होता.

मग मला दिसलं, की 'स'ला शेपूट नाही.

तेव्हा सगळं कळलं. पाटीवरच्या चौकटी. उजवीकडून मोजणं. उपटलेलं एक रोप. मी तीन आठवडे चुकत होते आणि ते ती चूक चौकट मोजून उतरवून घेत होते.

पानांच्या पलीकडं हालचाल झाली. मामय्या आत उभे होते, वरच्या ओळीला पाणी घालत. कोनांच्या फटीतून त्यांचा एक डोळा मला दिसला.

"मामय्या," मी म्हणाले, "हे तुम्हाला वाचता येतं?"

त्यांनी नाही अशी मान हलवली.

"मग काय लिहिलंय, ठाऊक आहे?"

दोन कोनांच्या मधून त्यांचा हात बाहेर आला. मातीनं भरलेला, थेंब गळणारा. बोट माझ्याकडं होतं.

"बाई," गाडीवाला हळू आवाजात म्हणाला, "विटा?"

"भूदेवक्काच्या भिंतीला लावा," मी म्हणाले. "इकडं एकही टेकवू नका."

संध्याकाळी अंबादास आला तेव्हा फुलं मिटली होती. मी त्याला बोळात नेलं.

"कुठं आहे?" तो म्हणाला. "मला पालाच दिसतोय."

"उद्या दहाला बघ."

"उद्या दहाला मी गिरणीत असेन, आई. आणि विटा तिकडं का टाकल्यास? भूदेवक्का भांडेल."

"भांडू दे. अर्धा दिवस रजा काढ."

"झाडं बघायला रजा?"

"पद्माच्या लग्नालाही तू एकच दिवस काढलीस. माझ्यासाठी अर्धा काढ."

मी त्याच्याकडं कधी काही मागितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं विटांच्या ढिगावर बसलो. नऊ वाजून गेले होते. समोर हिरवी भिंत. त्यात ठिपक्यांएवढ्या मिटलेल्या कळ्या. अंबादास दोनदा उठला, दोनदा बसला. मग भूदेवक्काच्या गच्चीवरून ऊन आलं. ते पहिल्यांदा वरच्या ओळीवर पडलं. थोड्या वेळानं त्या ओळीतलं एक फूल उघडलं. मग शेजारचं. मग कुठलं आधी आणि कुठलं नंतर, ते सांगता येईना. सगळी शिरोरेघ आमच्या डोळ्यांदेखत ओढली गेली. कुणी हात लावला नाही. ऊन खाली सरकत गेलं, तसा 'स' शिरोरेघेखाली उतरला, 'ग' उतरला, आणि 'ग'चं शेपूट सर्वांत शेवटी, कारण तिथं ऊन सर्वांत उशिरा पोचलं.

अंबादास दहावी शिकलेला. त्यानं कधीच वाचलं होतं. भूदेवक्का गच्चीवर हातातली ओली चादर तशीच धरून उभी होती.

"काय लिहिलंय रे?" तिनं विचारलं.

"आईचं नाव," अंबादास म्हणाला. मग मला म्हणाला, "तातय्यांना कुठं लिहिता येतं?"

"नाहीच येत. माझ्या पाटीवरून घेतलं."

"आई, 'सु'चा उकार राहिलाय."

"माझाच राहिला होता. त्यांनी जसंच्या तसं उतरवलं."

"त्यांना सांगू का? खाली चार कोन बदलले की होईल."

"सांगून तर बघ," मी म्हणाले. "तुझे पाय मोडीन."

तो हसला. डोळे पुसत हसला. मग उठला, एक वीट उचलली, हातात तोलली.

"पुढची ओसरी बंद करतो," तो म्हणाला. "एक मशीन बसेल."

"दोन पाहिजे होत्या ना तुला?"

"एक बसेल," तो म्हणाला, आणि विटा पुढं वाहून न्यायला लागला. पलीकडून पानांमागं टिचक्या ऐकू येत होत्या. मामय्या त्या दिवसाची मोजणी करत होते.

तेव्हापासून मी सही करते ती 'सगुणा' अशी. तोडकरीबाईंनी दोनदा सांगून बघितलं. बँकेत अडलं, तिथं अंबादासनं अर्ज लिहून दिला. महापालिकेत मृत्यूची नोंद करायला गेले, तेव्हा कारकून म्हणाला, "आजी, रेशनकार्डावर सुगुणा आहे. उकार द्या." तेव्हा मी आजी नव्हते. मी म्हणाले, "माझं नाव असंच लिहितात." त्यानं माझ्याकडं बघितलं आणि शिक्का मारला.

माझे सासरे नरसय्या मल्लय्या गुंडेटी ७ मार्च १९९५ रोजी, मंगळवारी, राहत्या घरी वारले.